नगरकेंद्राचे निवासी पुनर्विकसन

शहराच्या मध्यवर्ती व्यवसायविभागातील कार्यालयीन इमारत पाडून, अथवा तिचा सांगाडा कायम ठेवून, त्या भूखंडावर बहुमजली निवासी इमारती उभारण्याच्या प्रक्रियेस नगरकेंद्राचे निवासी पुनर्विकसन म्हणतात. नव्या इमारतीचे तळाचे काही मजले दुकाने, उपाहारगृहे वा कार्यालये यांसाठी ठेवून वरच्या भागात सदनिका काढण्याची पद्धत अधिक रूढ आहे. अशा इमारतीस मिश्रवापराची इमारत म्हणतात. मोडकळीस आलेल्या चाळी वा गलिच्छ वस्त्या यांच्या पुनर्विकासाहून हा प्रकार भिन्न आहे. तेथे मूळ रहिवाशांचे पुनर्वसन हा मुख्य प्रश्न असतो. येथे जागेवर मूळ रहिवासी बहुधा नसतातच. जी जागा दिवसा हजारो लोकांना रोजगार देत होती, ती काहीशे कुटुंबांना निवारा देऊ लागते. हा पालट बहुतेक वेळा कायमचा ठरतो आणि या विषयातील बहुतेक वाद त्यातूनच उद्‌भवलेले आहेत.

इतिहास : शहराच्या मध्यभागी केवळ कार्यालये असावीत ही कल्पना फार जुनी नाही. व्यापारी पेढीच्या वरच्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड असणे, ही यूरोपात आणि भारतातही जुनी रीत होती. एकोणिसाव्या शतकात आगगाडीमुळे कामाच्या जागेपासून दूर राहणे शक्य झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सुरक्षित उद्वाहन व पोलादी सांगाडा यांमुळे एकाच भूखंडावर अनेक मजले चढविता येऊ लागले. वाढते भाडे देण्याची ऐपत कार्यालयांची अधिक, म्हणून घरे मागे हटली. लंडनच्या ‘सिटी’ या मूळ व्यापारी भागाची लोकसंख्या १८०१ मध्ये सु. १,२८,००० होती, ती १९०१ मध्ये सु. २७,००० व १९५१ मध्ये केवळ ५,००० च्या आसपास राहिली.

याच सिटीमध्ये उलट दिशेचा पहिला मोठा प्रयोग झाला. दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात, क्रिपलगेट भागातील कापडाची गोदामे व पेढ्या जळून गेल्या. १९५१ मध्ये या विभागात अवघे ४८ रहिवासी नोंदले गेले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कार्यालये बांधणे आर्थिक दृष्ट्या सोयीचे होते. तथापि मतदार रहिवासीच उरले नाहीत, तर सिटीच्या स्वतंत्र नगरशासनाला आधार काय, ही चिंता तिच्या कारभाऱ्यांना होती. १९५७ मध्ये तेथे निवासी वसाहत उभारण्याचे तत्त्वतः ठरले. चेंबरलिन, पॉवेल व बॉन या वास्तुविशारदांनी सु. १४ हे. क्षेत्रावर आखलेल्या ‘बार्बिकन’ या वसाहतीत सु. २,००० सदनिका असून तीत ४० हून अधिक मजल्यांचे तीन मनोरे आहेत. पहिले रहिवासी १९६९ मध्ये आले. निवासी बांधकाम १९७६ पर्यंत चालले आणि कलाकेंद्र १९८२ मध्ये खुले झाले. जमीन नगरशासनाच्या मालकीची, सदनिका आरंभी भाड्याच्या आणि शाळा, ग्रंथालय, उद्याने यांची तरतूद मूळ आराखड्यातच, ही या योजनेची वैशिष्ट्ये होत. पुढील काळातील खाजगी मनोऱ्यांशी तिची तुलना करताना हा फरक दृष्टीआड करता येत नाही.

दुसरी लाट १९९० नंतर आली. न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये वॉल स्ट्रीट परिसरातील अनेक जुनी कार्यालये रिकामी पडली, तेव्हा १९९५ मध्ये त्यांचे घरांत रूपांतर करणाऱ्यांना करसवलत देण्यात आली. पुढील सु. दहा वर्षांत या सवलतीखाली सु. १३,००० घरे निर्माण झाली. तिसरी लाट २०२० च्या करोना महासाथीनंतरची होय. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यामुळे अनेक देशांत कार्यालयांची मागणी घटली. कॅनडातील कॅलगरी येथे तेलधंद्यातील मंदीमुळे हे संकट आधीच आले होते. तेथील नगरपालिकेने २०२१ पासून रूपांतरासाठी प्रतिचौरस फूट ७५ डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले.

आर्थिक गणित : कार्यालयीन भूखंड निवासी केव्हा होतो, याचे उत्तर अवशिष्ट मूल्याच्या पद्धतीने मिळते. नव्या इमारतीच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेतून पाडकाम, बांधकाम, शुल्के, व्याज व विकासकाचा नफा वजा केल्यावर जे उरते, ते जमिनीचे अवशिष्ट मूल्य होय. चालू इमारतीच्या मूल्याहून ते अधिक झाले की पुनर्विकसन फायद्याचे ठरते. केवळ उदाहरणादाखल, एका जुन्या इमारतीपासून वर्षास १२ कोटी रु. निव्वळ भाडे मिळते असे मानू. ८ टक्के परताव्याच्या दराने तिचे मूल्य १५० कोटी रु. होते. त्याच जागी ४०,००० चौ. मी. विक्रीयोग्य निवासी क्षेत्र प्रतिचौ. मी. दीड लाख रु. दराने विकले, तर ६०० कोटी रु. येतील. सर्व खर्च व नफा मिळून ४३० कोटी रु. गेल्यास अवशिष्ट मूल्य १७० कोटी रु. राहते, म्हणजे इमारत पाडणे २० कोटींनी फायदेशीर आहे. मात्र वापरबदलासाठी शासनाने २५ कोटी रु. अधिमूल्य घेतले, की अवशिष्ट मूल्य १४५ कोटींवर येते व जुनी इमारत टिकते. उलट भाडे निम्म्यावर आले, तर अधिमूल्य घेऊनही ती पाडली जाईल. बाजारातील चढउतार नगरशासनाच्या हाती नसतात. परंतु अनुज्ञेय चटई क्षेत्र निर्देशांक, वापरबदलाचे नियम आणि अधिमूल्य या तीन गोष्टी त्याच्या हाती असतात. पुनर्विकसन ही सर्वस्वी बाजाराची करणी होय, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही.

या हिशेबात एक बाजू सहसा येत नाही. सदनिकांच्या विक्रीची रक्कम एकदाच मिळते आणि ती विकासकाची असते. कार्यालयांपासून येणारा कर व त्यांच्यावर पोसलेले धंदे वर्षानुवर्षांचे असतात. एका मोठ्या कार्यालयाभोवती खानावळी, चहावाले, झेरॉक्सची व लेखनसामग्रीची दुकाने, मुंबईसारख्या ठिकाणी डबेवाले, असा मोठा परिवार असतो. यांतील कोणीही जमिनीच्या व्यवहारात पक्षकार नसतो व नुकसानभरपाईस पात्रही ठरत नाही.

रूपांतर की पाडकाम : वापर बदलण्यासाठी इमारत पाडलीच पाहिजे असे नाही. कार्यालयांसाठी गृहीत धरलेला चल भार घरांच्या चल भारापेक्षा सामान्यतः जास्त असतो, त्यामुळे जुना सांगाडा भाराच्या दृष्टीने बहुधा पुरेसा ठरतो. मजल्यांची उंचीही घरांच्या गरजेहून अधिक असते. खरी अडचण प्रकाशाची व नळांची आहे. नलिकादिवे व वातानुकूलन यांचा प्रसार झाल्यावर, म्हणजे सु. १९५० नंतर, कार्यालयाचे मजले अतिशय रुंद होत गेले; खिडकीपासून मधल्या गाभ्यापर्यंत १२ ते १५ मी. अंतर सर्रास आढळते. राहत्या खोलीला मात्र खिडकी हवी. खिडकीपासून ७·५ मी. हून दूर असलेला खोलीचा भाग प्रकाशित धरू नये, असा दंडक भारतीय बांधकाम नियमांत आहे. उरलेल्या अंधाऱ्या पट्ट्यात न्हाणीघरे, कपाटे व कोठ्या किती घालणार, यालाही मर्यादा आहे. शिवाय कार्यालयात प्रसाधनगृहे एका ठिकाणी एकवटलेली असतात, तर घरांमध्ये प्रत्येक सदनिकेसाठी पाण्याचे व सांडपाण्याचे उभे नळ प्रत्येक मजल्याची लादी भेदून न्यावे लागतात.

म्हणूनच १९५० पूर्वीच्या अरुंद, भरपूर खिडक्यांच्या इमारतींचे रूपांतर तुलनेने सुलभ होते. न्यूयॉर्कमधील वुलवर्थ इमारतीचे (१९१३) वरचे मजले आणि वन वॉल स्ट्रीट ही १९३१ मधील बँकेची इमारत ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. व्हँकूव्हर येथील वीजमंडळाची २१ मजली इमारत (१९५७) हा एक अपवाद मानता येईल. कोणतेही मेज खिडकीपासून १५ फुटांहून दूर असू नये, या हेतूने तिचा आराखडा निमुळता केला होता; कर्मचाऱ्यांसाठी केलेली ही सोय १९९५ मध्ये तिचे सदनिकांत रूपांतर करताना जशीच्या तशी उपयोगी पडली. याउलट न्यूयॉर्कमधील २५ वॉटर स्ट्रीट ही १९६९ मधील २२ मजली इमारत रुंद व जवळजवळ गढीसारखी बंद होती. तिच्या पोटात वरपासून खालपर्यंत दोन चौक कापून काढले, कापलेल्या क्षेत्राची भरपाई म्हणून माथ्यावर दहा मजले चढविले आणि तीत १,३०० हून अधिक घरे बसविली. न्यूयॉर्क राज्याच्या २०२४ च्या कायद्यानुसार अशा रूपांतरास करसवलत हवी असल्यास किमान २५ टक्के घरे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी असावी लागतात.

नियम सैल केल्यास काय होते, याचा अनुभव इंग्लंडने घेतला. २०१३ पासून तेथे कार्यालयांचे घरांत रूपांतर करण्यास नेहमीच्या नियोजन परवानगीची अट काढून टाकण्यात आली (लंडनची सिटी व काही भाग त्यातून वगळले होते). घरे झाली खरी, परंतु त्यांतील कित्येक अतिशय लहान होती व काहींच्या खोल्यांना पुरेसा उजेडही नव्हता. अखेरीस २०२० मध्ये नैसर्गिक प्रकाशाची व २०२१ मध्ये किमान क्षेत्रफळाची अट पुन्हा घालावी लागली. रूपांतराचे गणित जेथे जमत नाही, किंवा निर्देशांक वाढवून मिळतो, तेथे इमारत पाडली जाते. तीत खर्ची पडलेले पोलाद, सिमेंट व ऊर्जा वाया जातात. पर्यावरणाच्या दृष्टीने हा तोटा अलीकडे गांभीर्याने मोजला जाऊ लागला आहे.

निवासी मनोऱ्यांची रचना : नवीन निवासी मनोरा कार्यालयीन मनोऱ्याहून सडपातळ असतो, कारण प्रत्येक सदनिकेला बाहेरची भिंत द्यावयाची असते. सडपातळ इमारत वाऱ्याने अधिक डुलते. कार्यालयात उभ्याने वावरणाऱ्या माणसाला जे दोलन जाणवत नाही, ते रात्री अंथरुणावर पडलेल्यास जाणवते. म्हणून प्रबलित काँक्रीटच्या कर्तन भिंती व कधीकधी माथ्यावर दोलनशामक यांची योजना करतात. कार्यालयात आगीच्या वेळी जागे व सराव झालेले लोक असतात, घरांत निजलेली मुले व वृद्ध असतात; त्यामुळे जिने व आश्रयमजले यांचे महत्त्व वाढते.

नागरी सेवांवरील भार मात्र याहून खोल परिणाम करतो. भारतीय मानकांनुसार कार्यालयात दरडोई दिवसाला ४५ लि. पाणी धरतात, तर घरात १३५ लि. धरतात. कार्यालयासाठी घातलेल्या जलवाहिन्या व मलवाहिन्या म्हणूनच तपासून, बहुधा बदलून, घ्याव्या लागतात. शाळा, दवाखाने, मुलांची मैदाने, भाजीमंडई यांपैकी काहीही व्यवसायविभागात नसते. पहिला मनोरा उभा राहताना त्यांची उणीव फारशी जाणवत नाही. दहावा उभा राहतो, तेव्हा शाळेसाठी भूखंड उरलेला नसतो. या सोयींसाठीच्या जागा पहिल्या परवानगीपूर्वी राखून ठेवणे इष्ट, असे नगररचनाकार सांगतात. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते.

परिवर्तनाची अपरिवर्तनीयता : कार्यालयीन इमारतीला बहुधा एकच मालक असतो. ती विकता येते, पाडता येते, पुन्हा दुसऱ्या कामी लावता येते. सदनिका विकल्या गेल्यावर तोच भूखंड शेकडो मालकांत विभागला जातो व प्रत्येकाच्या संमतीचा प्रश्न येतो. घराचे पुन्हा कार्यालय होणे म्हणूनच जवळजवळ अशक्य असते. व्हँकूव्हर शहराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९९१ च्या मध्यवर्ती भागाच्या आराखड्याने कार्यालयांसाठी राखलेले पुष्कळसे क्षेत्र निवासास खुले केले. मध्यवर्ती भागातील लोकवस्ती सु. दोन दशकांत जवळजवळ दुप्पट झाली; लोक पायी कामाला जाऊ लागले आणि सडपातळ मनोरे व त्यांच्या पायथ्याशी बसकी घरे या रचनेची जगभर वाखाणणी झाली. परंतु घरांना मिळणारा भाव कार्यालयांपेक्षा इतका चढा ठरला, की नव्या कार्यालयांसाठी भूखंडच उरेनासे झाले. २००४ मध्ये नगरशासनाने मध्यभागी नव्या निवासी प्रकल्पांना तात्पुरती स्थगिती दिली आणि अभ्यासानंतर २००९ मध्ये व्यवसायविभागाच्या गाभ्यात निवासी बांधकामास मनाई केली. यशस्वी म्हणून गाजलेली योजना तिच्याच कर्त्यांना आवरती घ्यावी लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मनोरे वाढले म्हणजे रहिवासी वाढलेच असेही नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका बंद राहतात. व्हँकूव्हरमध्ये २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर आहे.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. तेथे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार ठराविक विभागांतील किमान वीस वर्षे जुन्या कार्यालयीन इमारतींच्या जागी मिश्रवापराची इमारत बांधल्यास २५ ते ३० टक्क्यांपर्यंत अधिक चटई क्षेत्र मिळू शकते. संध्याकाळनंतर ओस पडणाऱ्या भागात वस्ती आणणे हा तिचा हेतू होय. शेंटन वे रस्त्यावरील ‘ॲक्सा टॉवर’ (१९८६) ही ५२ मजली, सु. २३५ मी. उंच इमारत २०२३ पर्यंत पाडण्यात आली. स्वेच्छेने पाडलेल्या इमारतींत ती तोपर्यंतची सर्वांत उंच होती. त्या जागी कार्यालये, हॉटेल व सदनिका असलेल्या ३०५ मी. उंचीच्या मनोऱ्याचे बांधकाम हाती घेण्यात आले. सदनिकांच्या विभागलेल्या मालकीवरही तेथे तोडगा आहे : दहा वर्षांहून जुन्या इमारतीच्या ८० टक्के मालकीहिश्शांची संमती असल्यास संपूर्ण इमारत एकत्रित विकता येते. जमीन पुष्कळ ठिकाणी ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असते आणि वापरबदलाने वाढलेल्या मूल्याचा मोठा हिस्सा शासन वसूल करते. परकीयांनी घेतलेल्या घरांवर एप्रिल २०२३ पासून ६० टक्के जादा मुद्रांकशुल्क आहे. ही साधने हाती नसताना केवळ वाढीव निर्देशांकाचे अनुकरण केले, तर परिणाम वेगळे होतील हे उघड आहे.

मुंबई : मुंबईत हा प्रश्न प्रथम कार्यालयांच्या नव्हे, तर कापडगिरण्यांच्या जमिनींवर उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. मध्य मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सु. ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती पुनर्विकासास खुली केली. एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळास व उरलेली मालकास, असे सर्वसाधारण सूत्र होते. आखणीसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये समितीही नेमली गेली होती. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ बांधकामविरहित मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली, आणि सार्वजनिक हिस्सा फारच घटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अर्थाविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. परळ-लोअर परळ भागात त्यानंतर कार्यालये व उत्तुंग निवासी मनोरे शेजारी शेजारी उभे राहिले; रस्ते व रेल्वेस्थानके मात्र गिरण्यांच्या काळातलीच राहिली. नियमातील एका शब्दाचा अर्थ बदलल्याने शहराच्या वाट्याची मैदाने कशी जातात, याचे हे ठळक उदाहरण होय. कार्यालयीन भूखंडांबाबतही तेच घडू शकते.

विभागलेल्या मालकीचा प्रश्न महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासात नित्य येतो. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी मानली आहे. कार्यालयांच्या बाबतीत शहराचे धोरण मुख्यत्वे उलट दिशेचे आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत कार्यालयांना रस्त्याच्या रुंदीनुसार ५ पर्यंत निर्देशांक मिळू शकतो. समुद्रात भराव घालून वसविलेल्या नरिमन पॉइंट येथील बऱ्याच कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेल्या, तेव्हा तेथील जागांना निवासी वापराचा मोह पडेल अशी अटकळ होती. तथापि तेथील एअर इंडियाची २३ मजली इमारत (१९७४) विकत घेण्याचा १,६०१ कोटी रु. चा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला, तो शासनाच्या कार्यालयांसाठीच.